निपाणीत बसून गाड्यांचे पार्ट ऑनलाइन विकायचे, माल न ठेवता. जमेल काय?

कोगनोळीकर

नमस्कार मंडळी. वडिलांचं निपाणीत टू-व्हीलर स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. मी बी.कॉम. संपवून घरी आलोय आणि सध्या काउंटरवर बसतो. बसून बसून एक लक्षात आलं. ब्रेक शू, केबल, क्लच प्लेट हे सगळ्यांकडेच मिळतं. विचारणा जास्त होते ती आमच्याकडे नसलेल्या मालाची, आणि ते गिऱ्हाईक सरळ कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठतंय.

डोक्यात असं आहे की वेबसाइट काढायची आणि दिल्लीत कश्मीरी गेटच्या होलसेलवाल्यांशी बोलून ठेवायचं. ऑर्डर आली की माल त्यांनीच थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवायचा, मधला फरक आपला. ड्रॉपशिपिंग म्हणतात ते हेच. गोदाम नको, भांडवल अडकत नाही. वडील मात्र म्हणतात, "न बघितलेला माल विकणं म्हणजे दुकानाची पत दुसऱ्याच्या हातात देणं." इथं कुणी केलंय का? आणि जीएसटीचं कसं काय असतं? वडील कंपोझिशनमध्ये आहेत (छोट्या दुकानदारांची ती उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची योजना).

ग्रीसचे_हात

वडील बरोबर बोलले बघा.

मी गॅरेजवाला. रोज एक तरी माणूस येतो आणि म्हणतो, "स्प्लेंडरची क्लच प्लेट द्या." स्प्लेंडर म्हणजे कंची वो? प्लस, प्रो, सुपर, का आयस्मार्ट? सुपर तर सव्वाशे सीसीची. त्यात 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 (धुराचे नवे नियम) आलं, कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. एअर फिल्टर, सेन्सर, वायरिंग, सगळं बदललं. लॉकडाउनच्या आगंमागं शोरूमातनं निघालेल्या गाड्यांचा घोळ तर विचारू नका. पासिंग 2020 चं आणि गाडी बनलेली 2019 ची. गिऱ्हाईक तुमच्या वेबसाइटवर "स्प्लेंडर 2020" निवडणार, दिल्लीवाला बीएस-6 चा पार्ट पाठवणार आणि तो बसणार नाही. दिल्लीवाला म्हणेल, तुम्ही जो पार्ट नंबर दिला तोच पाठवला. आता पैसे कुणाचे गेले?

दुसरं, परत आलेला माल कसा असतो ते काउंटरवर बघितला असशीलच. खोका उलटा चिकटवलेला, ब्रेक शूच्या लायनिंगला ड्रमला घासून चकाकी आलेली, स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस. वर म्हणणार, "फोडलंच नाही वो, तसंच हाय." दुकानात तू तोंडावर दाखवू शकतोस. ऑनलाइनवर कुणाला दाखवणार?

पूर्णविराम

यूट्यूबवर कोर्स विकणारे बघितले काय? "ऑटो पार्ट्स म्हणजे एव्हरग्रीन निश, घरबसल्या महिन्याला लाखाची कमाई." त्यातला एक तरी स्वतः बेअरिंग विकताना दिसला तर कळवा. त्यांचा पार्ट एकच, तो म्हणजे कोर्स.

हिशेबनीस

कोगनोळीकर, जीएसटीचं आधी बघू. तुमच्या गावाला ते सगळ्यात जास्त लागू पडतं.

तुमचं गिऱ्हाईक कुठलं? निपाणीतून संकेश्वर, चिकोडी, गोकाक, बेळगाव असेल तर कर्नाटकातल्या कर्नाटकात. कागलचं असेल तर? टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. रोज दुधाच्या गाड्या जातात तेवढंच अंतर, पण कायद्याच्या नजरेत तो आंतरराज्य व्यवहार झाला. मालाची आंतरराज्य विक्री केली की उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. 40 लाखांची सवलत तिथं चालत नाही. आणि वडील कंपोझिशनमध्ये आहेत म्हटल्यावर त्यांच्या नंबरावर कागलला एक स्पार्क प्लगसुद्धा पाठवता येत नाही, कारण कंपोझिशनवाल्याला आंतरराज्य विक्रीच बंद आहे. कंपोझिशन पॅनला चिकटलेलं असतं, त्यामुळं त्याच पॅनवर दुसरी नोंदणी काढून वाट निघत नाही.

तुम्ही स्वतःच्या पॅनवर वेगळी, नेहमीची नोंदणी काढा. दुकानाच्या पत्त्यावर काढणार असाल तर वडिलांचं संमतीपत्र आणि लाइट बिल लागेल. वडिलांच्या दुकानातला माल तुम्ही विकलात तर त्यांच्या बिलावर कर दाखवलेला नसतो, म्हणून तुम्हाला क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळत नाही. तो माल तुम्हाला महागच पडणार.

फक्त कर्नाटकातच विकायचं असेल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून थोडी मोकळीक आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या प्लॅटफॉर्मवर नुसत्या एनरोलमेंट नंबरावर राज्यातल्या राज्यात विकता येतं. पण निपाणीच्या माणसानं कोल्हापूर सोडून धंदा करायचा म्हणजे अर्धा बाजार सोडल्यासारखं आहे.

दर सोपे झालेत. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांचे सगळे पार्ट 18 टक्क्यांत आले. आधी बऱ्याच मालावर 28 होता. प्लॅटफॉर्मवरून विकलंत तर ते 0.5 टक्का टीसीएस आणि आयकराचा 0.1 टक्का टीडीएस कापतात. हे पैसे बुडत नाहीत, पण रिटर्न भरताना मागून घ्यावे लागतात. बरेच जण मागतच नाहीत.

कोगनोळीकर

बापरे. कागल आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतं म्हणायचं बाकी आहे. धन्यवाद हिशेबनीस काका. कंपोझिशनचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक शंका. दिल्लीवाला माल थेट कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला पाठवणार आणि मी बसलोय निपाणीत. मग बिलं किती आणि कुणी कुणाला करायची?

हिशेबनीस

बिलं दोन. दिल्लीवाला तुमच्या नावानं बिल करणार, "बिल टू" निपाणी आणि "शिप टू" कोल्हापूर. माल तुमच्या दारात आला नाही तरी त्याच्या दृष्टीनं खरेदीदार तुम्ही, तुमचा जीएसटी नंबर 29 नं, म्हणजे कर्नाटकच्या कोडनं सुरू होतो, म्हणून तो आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) लावेल. दुसरं बिल तुमचं, गिऱ्हाइकाच्या नावानं. पत्ता महाराष्ट्रातला म्हणजे तेही आयजीएसटी. गिऱ्हाईक बेळगावचं असेल तर तुमचं बिल सीजीएसटी-एसजीएसटीचं (राज्यातल्या राज्यातलं), मग माल दिल्लीहून आलेला का असेना.

आणि सप्लायर निवडताना जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघा. नोंदणी चालू आहे का, रिटर्न भरतो का, दोन्ही दिसतं. त्यानं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर ते तुमच्या 2बी मध्ये (पोर्टलवरची तुमच्या क्रेडिटची यादी) येत नाही आणि तुमचं क्रेडिट लटकतं. म्हणजे 18 टक्के तुमच्या खिशातून.

रात्रपाळी

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर आहे. मेहुण्याची पार्टची वेबसाइट रात्री मी सांभाळतो, म्हणून आकड्यात बोलतो. समजा क्लच प्लेटचा सेट सप्लायरकडून 420 अधिक जीएसटी असा मिळाला. तुम्ही तो 749 ला विकला, सगळं धरून. त्यातला जीएसटी 114 च्या आसपास, हातात राहिले 635. मालाचे 420 वजा केले की 215. कुरिअर 80, पेमेंट गेटवे 15. उरले 120, वाटतं बरं आहे. पण गिऱ्हाईक वेबसाइटवर आपोआप येत नाही. जाहिरातीला दर ऑर्डरमागं 100 धरा. राहिले 20.

आता एक ऑर्डर परत आली. जायचं कुरिअर 80, यायचं 80, जाहिरातीचे 100 गेलेच, गेटवेचे 15 पण परत येत नाहीत. 275. म्हणजे चौदा चांगल्या ऑर्डरींचा नफा एका परतीत गेला, आणि सप्लायरनं माल परत घेतला नाही तर वर 420. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीत तर परतीचं प्रमाण वाढतंच. बटण दाबताना उत्साह असतो, कुरिअरवाला दारात येईपर्यंत गॅरेजवाल्यानं दुसरा पार्ट घालून गाडी सोडलेली असते.

मेहुण्यानं आता 100 रुपये आधी यूपीआयनं घ्यायला सुरुवात केलीय, बाकीचे माल मिळाल्यावर. उगाच बटण दाबणारे तिथंच गळतात.

अवजड मालाचं वेगळंच. कुरिअरवाला काट्यावरचं आणि आकाराचं यातलं जे वजन जास्त भरेल ते घेतो. आकाराचं म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. कारच्या बंपरचा खोका 150 बाय 40 बाय 40 धरला तर 48 किलो. बंपर हातात घेतला तर चार-पाच किलो भरतो. म्हणून बंपर, बॉनेट, सीट असलं काही वेबसाइटवर टाकूच नका.

कोगनोळीकर

20 रुपये बघून पोटात गोळा आला. मग मॉडिफाय सायलेन्सर, प्रेशर हॉर्न, रंगीत एलईडी हे कसं? त्यात मार्जिन भरपूर दिसतंय. हेल्मेट पण.

ग्रीसचे_हात

सायलेन्सरच्या नादाला लागू नको मर्दा. कंपनीनं दिलेल्या गाडीत असले बदल कायद्यात बसत नाहीत, पोलीस चौकात गाड्या अडवून काढून घेत्यात. पोरं शिव्या कुणाला घालणार, विकणाऱ्यालाच. हेल्मेट विकायचं तर आयएसआयचंच. 1 जून 2021 पासून बिगर-आयएसआय हेल्मेट विकणं बंदच आहे. रस्त्याकडेला टांगलेली बघून फसू नको.

पूर्णविराम

आणि "कंपनी पॅक" माल अर्ध्या किमतीत देणारे सप्लायर? होलोग्रामसकट खोके छापून मिळतात. ट्रेडमार्क कायद्यात नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. "मी माल बघितलाच नव्हता साहेब" हे सांगून बघा पोलीस ठाण्यात.

खानापूरची_लेक

सगळ्यांनी मिळून पोराला घाबरवून सोडलंय. मी हाच धंदा करते आणि माल माझ्याकडेही नसतो. पण दिल्लीचा नाही, बेळगावातलाच.

मी टू-व्हीलर करत नाही. ओम्नी, मारुती 800, जुनी बोलेरो, टाटा एस एवढंच. 800 बनायची 2014 ला थांबली, ओम्नी 2019 ला, पण आमच्या भागात अजून धावतात. कंपनीच्या शोरूममध्ये त्यांना कुणी विचारत नाही. गाड्या जुन्या, मालक चिवट, पार्ट सापडत नाहीत. बेळगावातले जुने स्टॉकिस्ट मला ठाऊक आहेत. कुणाकडं काय पडून आहे ते मी जाऊन बघून लिहून ठेवलंय. मालक लोक वेबसाइटच्या भानगडीत पडत नाहीत, मी फोटो काढून व्हॉट्सॲप कॅटलॉगवर टाकते.

ऑर्डर आली की मी पैसे घेत नाही. आधी तीन गोष्टी मागते. आरसीचा फोटो, ज्यात चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना दिसेल (नाव-पत्ता बोटानं झाकून पाठवा म्हणते). जुना पार्ट काढून त्याचा फोटो, बाजूला शाळेची पट्टी ठेवून. आणि गॅरेजवाल्याचा नंबर. गॅरेजवाल्याशी दोन मिनिटं बोललं की निम्मे घोळ संपतात. मग दुपारी दुकानात जाऊन तोच पार्ट हातात घेऊन, तशीच पट्टी ठेवून फोटो पाठवते. दोन्ही फोटो जुळले तरच यूपीआय. परत येणारा माल त्यामुळं फारच कमी.

आणखी एक गोष्ट दिल्लीवाल्याकडं नाही. बैलहोंगलचा माणूस फोन करतो तेव्हा मी कन्नडमध्ये बोलते, चंदगडवाल्याशी मराठीत, चोर्ला घाटापलीकडनं आला तर मोडकीतोडकी कोंकणी. "ಹಬ್" आणि "हब" एकच असतं, पण "तो मागच्या चाकाचा गोल लोखंडी" हे मला तिन्ही भाषांत कळतं.

हिशेबनीस

ताई, चंदगड महाराष्ट्रात येतं!

खानापूरची_लेक

नोंदणी आहे हो काका, रिटर्न पण भरते. 😄

ग्रीसचे_हात

ताईंचं पटलं. पण कोगनोळीकर, ताईंचं ते ड्रॉपशिपिंग नव्हं. त्या रोज दुकानात जात्यात.

खानापूरची_लेक

नावाचं काय घेऊन बसलात दादा. माझं भांडवल अडकत नाही, गोदाम नाही, माल दुसऱ्याच्या फळीवर. फरक एवढाच की माल कुठल्या फळीवर आहे ते मला माहीत असतं.

रात्रपाळी

थोडं वेगळं मत. बेळगावच्या स्टॉकवर धंदा वाढायला मर्यादा आहे. एका दुकानात एकच पीस असतो, काउंटरवरचं गिऱ्हाईक आलं की तो गेला आणि तुम्ही वेबसाइटवर "उपलब्ध" दाखवत बसता. दिल्लीत दहा असतात. मेहुण्यानं मधला रस्ता काढलाय. जे पार्ट महिन्यात सहज पाच-दहा जातात ते थोडे स्वतःकडे ठेवतो आणि क्वचित लागणारेच सप्लायरकडून थेट पाठवतो. त्यात पण सप्लायर नवा असेल तर पहिला पीस स्वतःच्या पत्त्यावर मागवून, कॅलिपरनं मोजून बघायचा. उद्यमबागेत राहून कॅलिपर नसलं म्हणजे लाजच.

ट्रॉलीवाला_चिकोडी

इतकी चर्चा झाली, ऊस कुणी आठवला नाही! आपल्या भागात साखर कारखाने किती, गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात. ट्रॉलीचं हब, पिन, हूक, बेअरिंग, टेल लॅम्पची वायर. तुटलं की माणूस किंमत विचारत नाही, फक्त कधी मिळणार विचारतो. ऊसतोडीची टोळी थांबली तर दिवसाचं नुकसान मोठं. आणि हा माल दिल्लीहून आणायची गरजच काय? बेळगावात फाउंड्र्या आहेत, कोल्हापूरला शिरोलीत आहेत. ओतीव मालाला हे दोन्ही गाव नावाजलेले. मशीनिंग करून देणारे पण तिथंच.

कुरिअर मात्र नाही. जड माल लॉरी ट्रान्सपोर्टनं, अर्जंट असेल तर बसच्या पार्सलनं. कर्नाटकात एसटीची नम्म कार्गो सेवा आहे. फक्त सीमेवर काही पेटलं की बसगाड्या थांबतात, मागं 2025 च्या फेब्रुवारीत झालं तसं. तेव्हा कागलचा माणूस स्वतः टेम्पो घेऊन आला होता. त्याला पिन पाहिजे होती, राजकारण नको होतं.

हिशेबनीस

ट्रॅक्टरवरून आठवलं. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरच्या बऱ्याच पार्टना 5 टक्के झाला, पण म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं घेतलेलं सगळं 5 टक्क्यांत बसत नाही. साधं बेअरिंग 18 टक्क्यांतच आहे. बिल करताना प्रत्येक मालाचा एचएसएन कोड (ज्यावरून कराचा दर ठरतो तो) बघा. विकणारा 5 लावून मोकळा होतो आणि फरक नंतर व्याजासकट भरतो.

कोगनोळीकर

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. ताईंच्या पट्टीवर खूश झाले, म्हणाले "ही पोरगी धंदा करणार."

सध्या ठरवलंय ते असं. नोंदणी माझ्या पॅनवर. सगळ्या गाड्या नाही, बनायच्या बंद झालेल्या टू-व्हीलर मॉडेलांचे पार्ट फक्त, कारण त्यांची विचारणा काउंटरवर रोज येते आणि वडील ते डोळे झाकून ओळखतात. ट्रॉलीवाले दादा, हंगामात तुमच्याकडं यायचं बघतो.

शेवटची शंका. वेबसाइटवर "इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही" लिहिलं तर चालेल काय? दुकानात तशी पाटी आहेच.

हिशेबनीस

दुकानातली पाटी आणि वेबसाइट एकसारखी नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं माल सदोष असेल किंवा दाखवला तसा नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. "मला नको झालं" म्हणून परत करणाऱ्याला तुम्ही नाही म्हणू शकता, पण तसं आधी स्पष्ट लिहून ठेवा. वेबसाइटवर धंद्याचं नाव, पत्ता, मालाचा मूळ देश, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर पाहिजे. तक्रार आली की 48 तासांत पोच, महिन्यात निकाल. तक्रार अधिकारी म्हणून वडिलांचं नाव घालू नका, ते फोनवर थेट भांडतील असं वाटतंय.

ग्रीसचे_हात

सीडीआय (इग्निशनचा डबा) आणि रेग्युलेटर पाठवताना खोक्यावर स्टिकर मार आणि त्याचा फोटो ठेव, सिरीयल नंबर दिसला पाहिजे. परत येताना लोक आपला जळालेला जुना घालून पाठवतात. आमच्या गॅरेजात पण करतात, तोंडासमोर.

रात्रपाळी

आणि दिल्लीवाल्याला आधीच बजावून ठेव, खोक्यात स्वतःचं बिल घालायचं नाही. गिऱ्हाइकानं 749 दिलेले असतात आणि आत कागद निघतो 420 चा. मग फोन मलाच येतो, रात्री अकराला.